पाच तर उरतातच

१

“भ्रष्टाचार ही या समाजाला लागलेली वाळवी आहे, आणि आज, या खोलीतून, आपण सहा सामान्य माणसं ती मुळासकट उपटून काढणार आहोत! इतिहासाला आपली नोंद घ्यावीच लागेल!”

असं म्हणून प्राचार्यांनी टेबलावर मूठ आपटली. वाळवीला मुळं नसतात हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. पण प्राचार्य बोलत असताना मध्ये बोलायचं नसतं, ही सवय त्यांचे विद्यार्थी नसलेल्यांनाही लागते. टेबलाचा एक पाय मात्र आखूड होता. चहाचे कप एका बाजूला घसरले, आणि इतिहासाच्या आधी हेडक्लार्कच्या पँटीनं आमची नोंद घेतली.

“गरम आहे हो, सर,” हेडक्लार्क म्हणाला. चाळीस वर्षं नोकरी झाल्यामुळे भाजल्यावरही तो ‘सर’ विसरत नाही.

माझा कप तेवढा वाचला. डाव्या अंगठ्याला पट्टी असल्यामुळे मी तो आधीच उजव्या हातात उचलून धरला होता. शुक्रवारी काकडी चिरताना लागलं होतं. पट्टी सिस्टरनं बांधली होती, फुकट, आणि वर औषधाची गोळीही दिली होती.

आमच्या इमारतीच्या जिन्याखाली ही खोली आहे. एक टेबल, सात खुर्च्या आणि एक लोखंडी कपाट एवढंच तिथं सामायिक होतं. तीन वर्षांपूर्वी त्यात एका कंपनीची भर पडली. ही कंपनी अठरा टक्के व्याज द्यायची. हेडक्लार्कनं तिच्यात पैसे ठेवले, कारण त्याचा फंड नुकताच हातात आला होता. टेलरमास्तरांनी ठेवले, कारण हेडक्लार्कनं ठेवले होते. शेठनं, म्हणजे तळमजल्यावरच्या किराणा दुकानदारानं ठेवले, कारण बाकीचे श्रीमंत होणार आणि आपण डाळी मोजत बसणार, हे त्याला सहन होईना. प्राचार्यांनी ठेवले, कारण कंपनीनं वर्धापनदिनी त्यांचं भाषण ठेवलं होतं. मी तीस वर्षं वर्तमानपत्रात असल्या कंपन्यांची टिंगल करणारं सदर लिहिलं, त्यामुळे मला त्यातलं कळतं असा माझा समज होता. आणि वरच्या मजल्यावरच्या सिस्टरनं, निवृत्त नर्स आहे ती, आपली सगळी पुंजी ठेवली. तिच्या नवऱ्याचं आठवड्यातून दोनदा डायलिसिस असतं. व्याजातून ते सुटेल, असा तिचा हिशेब होता.

पहिल्या वर्षी व्याज आलं. दुसऱ्या वर्षी व्याजाऐवजी कॅलेंडर आलं. तिसऱ्या वर्षी कंपनीच्या दाराला कुलूप आलं.

मग सरकारनं दावा कार्यालय उघडलं. कंपनीची जागा विकून ठेवीदारांना निम्मे पैसे मिळणार होते. अट एकच: किमान पाच ठेवीदारांनी मिळून, मूळ पावत्यांसह, ठरलेल्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत दावा लावायचा.

“एकट्याची तक्रार आम्ही घेत नाही,” तिथला साहेब म्हणाला होता. “एकट्याची ती कुरकुर असते.”

आम्ही सहा होतो, म्हणजे एक जास्तच. ठरलेला दिवस आज, सोमवार. सकाळचे दहा वाजले होते.

हेडक्लार्कनं पँट झटकली, कपाट उघडलं, आणि फाइल टेबलावर ठेवली. सहाही पावत्या त्यानं डाव्या समासात जाड दोऱ्यानं शिवल्या होत्या, तीन भोकं पाडून, सरकारी पद्धतीनं. सुटे कागद म्हणजे सुटलेली गुरं, असं त्याचं मत आहे.

त्यानं पुठ्ठा उलटला. मग मिटून पुन्हा उलटला.

फाइलीत एकच पावती होती. सिस्टरची.

२

“अकरा राहिलेत हो आमच्या ह्यांचे,” सिस्टर म्हणाली.

सिस्टर पैसे पैशात मोजत नाही. वाण्याचं बिल असो, घरभाडं असो, तिच्याकडे एकच नाणं चालतं: एक डायलिसिस. घरात उरलेले पैसे म्हणजे अकरा डायलिसिस. दावा मंजूर झाला तर दोनशे आठ. म्हणजे दोन वर्षं.

“अकरा म्हणजे साडेपाच आठवडे,” हेडक्लार्क म्हणाला. त्याला अंक ऐकू आला की भागाकार केल्याशिवाय राहवत नाही. कुणीच त्याला शाबासकी दिली नाही.

“थांबा,” प्राचार्य म्हणाले. “भावनेनं नको, तर्कानं चालू. पाच पावत्या गेल्या. एकच राहिली. तर मग संशय कुणावर?”

सगळ्यांनी सिस्टरकडे पाहिलं. तिनं स्वतःही मागे वळून पाहिलं, कुणी आलंय की काय म्हणून.

“अहो सर, मी घेतल्या असत्या तर माझी कशाला ठेवली असती?”

“संशय येऊ नये म्हणून!”

“पण आला ना संशय.”

“म्हणजे डाव फसला!” प्राचार्य म्हणाले, आणि विजयानं खाली बसले.

“आणि तुमच्या पावत्या घेऊन मी करू काय, सर? त्यांच्यावर नाव तुमचं.”

शेठ म्हणाला, “हल्ली कुणाचा भरवसा नाही.” टेलरमास्तर खाली बघून टेबलक्लॉथची किनार चाचपत राहिले.

“पोलिसात जायचं?” मी विचारलं.

“पोलिसात!” चौघं एकदम म्हणाले. इतका एकसूर आमच्या इमारतीत पाणी गेल्यावरही लागत नाही.

तेव्हा मला माझ्या साडूची आठवण झाली.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. दोन गल्ल्या पलीकडे राहतो. सरकारी गोदामांचा ऑडिटर म्हणून निवृत्त झाला. चौतीस वर्षांत त्यानं अडीचशे चोर शोधले. त्यातले दोनशे चाळीस बढती घेऊन निवृत्त झाले, आणि त्याच्या निरोपसमारंभाला हारही त्यांच्यातल्याच एकानं घातला. त्यामुळे त्याला आता कशाचंच आश्चर्य वाटत नाही. पैसे तो कुठंच गुंतवत नाही. पेन्शन येते, खर्च होते, महिनाअखेर तो आणि मेव्हणी दोघं उपाशी नसली की त्याच्या मते बाजार तेजीत असतो.

त्याला मी का बोलावलं, याचा मी नंतर पुष्कळ विचार केला. बोलावलं नसतं तर कदाचित बरं झालं असतं.

३

साडू आला, खुर्चीवर बसला, आणि पहिल्या वीस मिनिटांत त्यानं एकाही माणसाकडे पाहिलं नाही. तो फाइलीचा समास बघत होता.

“साडूभाऊ,” तो मला म्हणाला, “भिंग आहे?”

“नाही.”

“मग तुमचा चष्मा द्या.”

माझा चष्मा हातात उलटा धरून त्यानं शिवणीवरून फिरवला. मीही त्याच्या खांद्यावरून वाकून पाहिलं. जे दिसलं ते असं.

पहिल्या पावतीच्या जागी चिंधीएवढा समास शिल्लक होता, आणि त्याला चिकटवलेली एक चिठ्ठी: ‘पान तात्पुरते काढले आहे.’ खाली सही नाही, तारीख नाही.

दुसऱ्या पावतीचाही समास तेवढा उरला होता. कापलेली कड सुतासारखी सरळ, आणि कडेलगत पेन्सिलीची फिकट रेघ.

तिसऱ्या पावतीचा मागमूसच नव्हता. जणू ती कधी जन्मालाच आली नव्हती.

चौथीचा समास होता, पण कड किंचित लवदार, घडीवर फाडलेल्या कागदासारखी.

पाचवीची कड म्हणजे कुरतडलेली पोळी. ब्लेड चाललं होतं, घसरलं होतं, पुन्हा चाललं होतं. एका कोपऱ्यात तपकिरी ठिपका होता.

“चहाचा असेल,” मी म्हणालो.

“असेल,” साडू म्हणाला.

“बिनसहीची चिठ्ठी!” हेडक्लार्क हळहळला. “कुणाची ही बेशिस्त!”

“शिवण तुमची?”

“माझीच. तीन भोकं, दुहेरी दोरा.”

“इथं बावीस भोकं आहेत,” साडू म्हणाला.

मास्तरांनी टेबलक्लॉथ सोडून दिला.

“कपाटाची किल्ली कुठं असते?”

“मीटरमागच्या खिळ्याला. पण घेताना वहीत नोंद करावी लागते,” हेडक्लार्क अभिमानानं म्हणाला. “नाव, वेळ, कारण, सही.”

प्राचार्य हसले. “चोर काय वहीत सही करून चोरी करतो?”

“या इमारतीत करेल,” साडू म्हणाला, आणि वही उघडली.

गेल्या आठवड्याच्या नोंदी होत्या. सोमवारी हेडक्लार्क: फाइल सुस्थितीत असल्याची खात्री करणे. मंगळवारी प्राचार्य: भाषणासाठी आकडेवारी. बुधवारी टेलरमास्तर: कपाटाच्या पडद्याचे माप. (कपाटाला पडदा नव्हता आणि आजही नाही.) गुरुवारी शेठ: झुरळांचा आवाज. पुढे आणखी एखादी किरकोळ नोंद होती. सिस्टरचं नाव कुठंच नव्हतं.

साडूनं वही मिटली. “एकेकाशी बोलतो. या बिचाऱ्या कागदाचे आधी एवढे हाल झालेत, आणखी नकोत. साडूभाऊ, तुम्ही बरोबर चला. तुम्हाला लिहायला बरं.”

“मी हल्ली लिहीत नाही.”

“लिहाल,” तो म्हणाला.

४

मास्तरांच्या दुकानात साडूनं शर्टाचं बटण तोडून हातावर ठेवलं. मास्तरांनी सुई ओवली, गाठ कापडाच्या आत लपवली आणि बटण बसवलं.

“तुम्हाला कुणाचा फोन आला होता का?”

“माझा फोन तीन आठवडे दुरुस्तीला आहे. मला कोण फोन करणार?”

“दावा कार्यालयात दहा दिवसांपूर्वी सहा जणांची यादी दिलीत. नावं आणि नंबर. त्यात तुमचा नंबर कुठला?”

“जावयाचा दिला होता.”

“हा नंबर तुमचा म्हणून आणखी कुठं दिलात?”

“छे हो. त्या यादीतच फक्त.”

“मग गेल्या आठवड्यात जावयाकडे तुमच्यासाठी कुणाचा फोन आला?”

मास्तरांनी दोरा दातानं तोडला. तो आधीच तुटलेला होता.

शेठकडे साडूनं पाव किलो बिस्किटं मागितली. शेठनं वर्तमानपत्राचं पान घेतलं, घडी घातली, घडीवरून अंगठ्याचं नख दोनदा ओढलं, आणि एका झटक्यात पान दोन केलं. दुकानात कात्री होती. वर टांगलेली होती, धूळ खात.

“शेठ, आता पैसे कुठं ठेवायचे म्हणता?”

“साहेब, पैसा झोपू द्यायचा नाही. झोपलेला पैसा सुजतो. सारखा फिरता ठेवायचा.”

“तुमचा कुठं आहे?”

“फिरायला गेलाय,” शेठ म्हणाला. नेहमी असं काही बोलला की तो स्वतःच हसतो. या वेळी हसला नाही.

प्राचार्यांना साडूनं लेखी जबाब मागितला. “अवश्य!” प्राचार्य म्हणाले. कोरा कागद घेतला, पट्टी घेतली, आणि अक्षर लिहायच्या आधी पेन्सिलीनं समास आखला. मग चार पानं लिहिली. नैतिकतेवर साडेतीन, जबाब अर्ध्या पानात: मला काहीही ठाऊक नाही.

हेडक्लार्कला साडू एवढंच म्हणाला, “ही किल्लीची वही मी दुपारपर्यंत नेतो.”

“न्या की. पण एक मिनिट.” हेडक्लार्कनं खिशातून कागद काढला, ‘वही तात्पुरती नेली आहे’ असं लिहिलं, तारीख घातली, सही केली, आणि खिळ्याला अडकवला. मग त्या चिठ्ठीकडे बघता बघता त्याचा चेहरा उतरत गेला. साडूनं काहीच विचारलं नाही. हेडक्लार्कनं मात्र ‘तसं काही नाही’ असं आपण होऊन सांगून टाकलं.

आम्ही वर सिस्टरकडे गेलो. दार उघडंच होतं. आतल्या खाटेवर नवरा झोपला होता, एक हात पांघरुणाबाहेर. त्या हातावर सुया टोचून टोचून शीर दोरखंडासारखी फुगली होती. भिंतीवर कंपनीचं ते कॅलेंडर होतं. दर मंगळवार आणि शुक्रवारवर गोल.

“फोन आला होता?” साडूनं विचारलं.

“आला होता की. शनिवारी.” सिस्टरनं लगेच सांगितलं. ज्या प्रश्नावर मास्तर अडखळले होते, त्याचं उत्तर तिनं दूध उतू जाऊ नये म्हणून गॅस बारीक करता करता दिलं. “एक एजंट होता. म्हणाला, दाव्याच्या नादी लागू नका, त्यात वर्षं जातील. तुमची जुनी पावती आणून द्या, आमच्या नव्या कंपनीची पावती देतो, निम्म्या रकमेची, नऊ महिन्यांत दुप्पट. फक्त तुम्हालाच सांगतोय, म्हणाला.”

“मग?”

“मग काय? नंबर लिहून घेतला होता, तो फाडून टाकला. म्हटलं, मी माझी काढून घेतली आणि आणखी एखादीला काही झालं, तर दावाच लागायचा नाही. बाकीच्या पाच जणांचं काय?”

साडूनं पहिल्यांदाच माणसाकडे पाहिलं. बराच वेळ.

“पाच जणांचं,” तो म्हणाला. मग माझ्याकडे वळला. “साडूभाऊ, तीन वाजता सगळ्यांना खाली बोलवा. आणि प्रत्येकाला सांगा, नवी पावती घेऊन या.”

५

तीन वाजता सात खुर्च्या भरल्या. आखूड पायाखाली हेडक्लार्कनं पुठ्ठा सारला होता.

“चोर एक नाही,” साडू म्हणाला. “एकानं पाच पावत्या काढल्या असत्या, तर पाचही एकाच पद्धतीनं काढल्या असत्या. इथं पाच पद्धती आहेत. एक माणूस असा आहे की त्याला फाइलीतला कागद काढला की त्याजागी चिठ्ठी लावल्याशिवाय चैन पडत नाही. चोरी करतानाही लावली. फक्त सही करायचा धीर झाला नाही.”

हेडक्लार्कनं डोळे मिटले.

“एकानं कापायच्या आधी रेघ आखली. एकानं अख्खी शिवण उसवली, आपली पावती बाहेर काढली, आणि उरलेले कागद पुन्हा शिवून ठेवले. समासाच्या चिंध्यासुद्धा! बारीक बखिया, गाठ आत. ज्याच्याकडून वाकडी शिवण होत नाही, तो वाकडं काम करायला गेला की असा सापडतो. एकानं घडी घातली आणि नख ओढलं.”

“माझी नखं तर...” शेठ म्हणाला आणि थांबला.

“तुम्ही प्रत्येकानं फक्त आपली पावती नेली. दुसऱ्याच्या कागदाला कुणी हात लावला नाही. हे तुमच्या बाजूनं बोलायचं झालं तर.”

“साहेब, मी पहिला होतो,” हेडक्लार्क एकदम म्हणाला. त्याचा आवाज लहान मुलासारखा झाला होता. “सहा होत्या. लागणार पाच. मी माझी काढली तरी पाच तर उरतातच. हिशेब बरोबर होता, साहेब!”

“बरोबर होता,” साडू म्हणाला. “दुसऱ्यानं फाइल उघडली तेव्हा पाच होत्या.”

“मी चिठ्ठी वाचली,” प्राचार्य खालच्या आवाजात म्हणाले. “तात्पुरते काढले, असं लिहिलं होतं. मला वाटलं, परत येईल.”

“मी बघितलं तेव्हा दोन नव्हत्याच,” मास्तर म्हणाले. “म्हटलं, दावा तर बुडालाच. आता माझी ठेवून कुणाचं भलं?”

“आणि कुणीच बोललं नाही,” साडू म्हणाला.

“बोलणार कसं?” शेठ म्हणाला. “फाइल का उघडली म्हणून विचारलं असतं.”

“चार झाले,” प्राचार्य म्हणाले. त्यांना स्वतःच्या गुन्ह्यातही गणित अपुरं राहिलेलं खपत नाही. “पाचवा कोण?”

साडूनं किल्लीची वही उघडली आणि शुक्रवारची नोंद मोठ्यानं वाचली. नाव माझं होतं. कारण: ‘जुनी कात्रणे शोधणे.’

“पाचवी कड बघा,” तो म्हणाला. “हा माणूस नवखा. तीस वर्षं दुसऱ्यांच्या चोऱ्यांवर लिहीत आला. स्वतःची करायची वेळ आली, तेव्हा ब्लेड धड धरता आलं नाही. अंगठा कापला. साडूभाऊ, तुमच्या स्वयंपाकघरात सुरी कुठं असते?”

मला खरंच माहीत नाही.

“सिस्टर, ती जखम काकडीची होती?”

सिस्टर माझ्या अंगठ्याकडे बघत होती. “काकडी चिरताना असं सरळ, खोल लागत नाही,” ती म्हणाली. “पण पेशंट सांगेल तेच लिहून घ्यायचं, अशी आम्हाला सवय.”

“बाकीच्यांना निदान काहीतरी शिल्लक दिसत होतं,” साडू मला म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, गोदामातल्या पोत्यांची संख्या सांगावी तसा होता. “तुम्ही उघडली तेव्हा फाइलीत दोनच होत्या. एक तुमची. दुसरी कुणाची, ते तुम्हाला वाचता येत होतं.”

हो, वाचता येत होतं. मी ते नाव वाचलं, मग ब्लेड चालवलं. मग अंगठ्याला रुमाल गुंडाळून वरच्या मजल्यावर गेलो आणि तिच्याकडून पट्टी बांधून घेतली. या गोष्टीतला विनोद शोधायचा मी तीन दिवस प्रयत्न करत होतो. तीस वर्षांत मला कुठं ना कुठं तो सापडला नाही, असं झालं नव्हतं.

६

पाच नव्या पावत्या टेबलावर ठेवल्या गेल्या. गुलाबी, चकचकीत, सोनेरी किनारीच्या. साडूनं त्या ओळीनं मांडल्या.

“पाचही पावत्यांवर एकच क्रमांक आहे,” तो म्हणाला.

आम्ही वाकून पाहिलं. होता.

“एजंटला फोन लावा.”

शेठनं लावला. बंद. हेडक्लार्कनं लावला, मग प्राचार्यांनी. तोच नंबर तिघांनी तीन फोनवरून लावला, जणू एखाद्याच्या हाकेला तरी तो उठेल. शनिवार संध्याकाळपासून बंद होता, हे मला माहीत होतं. मी चौदा वेळा लावून पाहिला होता.

“पण आमचे नंबर त्याला दिले कुणी?” मास्तरांनी विचारलं.

“तुमच्या जावयानं सांगितलं मला. मास्तरांसाठी म्हणून त्याच्याकडे फोन आला. मास्तर म्हणून तो नंबर जगात एकाच कागदावर आहे. दावा कार्यालयातल्या यादीवर. आणि फोनही यादीच्या क्रमानं आले, सोमवारपासून शनिवारपर्यंत, रोज एक.”

“म्हणजे तो साहेब...”

“किंवा त्याचा शिपाई. किंवा दोघं. टेबल एकच असतं. दावा लागला नाही की तुमचा वाटा तिथंच उरतो.”

“तक्रार करायला हवी!” प्राचार्य उठले. मूठही उचलली, पण टेबलापर्यंत नेली नाही. “कुठं करायची?”

“दावा कार्यालयात,” साडू म्हणाला. “पाच जण लागतील.”

प्राचार्य बसले.

चार वाजता हेडक्लार्कनं कार्यालयात फोन केला आणि अदबीनं विचारलं की मूळ पावती एकच असेल, पण ठेवीदार अत्यंत गरजू असेल, तर. पलीकडून काय उत्तर आलं ते आम्हाला ऐकू आलं नाही. हेडक्लार्क “हो सर, कुरकुर सर, बरोबर सर” म्हणाला आणि फोन ठेवला.

मग जे व्हायचं ते झालं. सगळ्यांना एकदम सिस्टरचा कळवळा आला. मास्तर म्हणाले, आपण पाच जणांनी मिळून तिच्यासाठी निधी काढू. प्राचार्य म्हणाले, निधीला अध्यक्ष हवा, आणि आग्रहाची वाट न बघता त्यांनी तो मान स्वीकारला. हेडक्लार्कनं नवीन फाइल घेतली. महिन्याला प्रत्येकानं काय द्यायचं यावर अर्धा तास बोलणं झालं, आणि आकडा उतरत उतरत पाव डायलिसिसवर आला. पुढच्या महिन्यापासून.

“तोवर जमेल तो पैसा नुसता पडून नको,” शेठ म्हणाला. “कुठंतरी लावून ठेवू. माझ्या ओळखीत एक आहेत, वीस टक्के देतात.”

कुणी हसलं नाही. भयंकर गोष्ट ही, की हेडक्लार्कनं ‘वीस टक्के’ लिहून घेतलं.

साडू उठला. त्यानं माझा चष्मा पुसून मला परत दिला. “दोनशे पंचावन्न झाले,” तो म्हणाला, आणि गेला. घरी जाऊन तो मेव्हणीला काही सांगणार नाही, हे मला माहीत होतं. त्याचंच मला जास्त लागलं.

पाच वाजले. वरून सिस्टरच्या नवऱ्याचा खोकला ऐकू आला. एकेक जण उठून गेला, सगळे खुर्च्या आवाज न करता सरकवत होते. शेवटी खोलीत मी आणि सिस्टर उरलो. ती आपली पावती फाइलीतून काढत होती. ब्लेड नाही, घडी नाही. मास्तरांचा बखिया ती सुईच्या टोकानं एकेक टाका उसवत होती, जखमेचे टाके काढतात तशी. कागदाला ओरखडासुद्धा उठला नाही.

मला काहीतरी बोलायचं होतं. तीस वर्षं रोज आठशे शब्द लिहिणाऱ्याला तेव्हा एक सापडत नव्हता.

“ती पट्टी उद्या बदलून घ्या,” तीच म्हणाली. “पिकेल नाहीतर.”

“सिस्टर, मी...”

“असू दे.” तिनं पावतीची घडी केली, पदरात धरली, आणि दारापर्यंत गेली. मग परत आली.

“त्या एजंटचा नंबर तुमच्याकडे आहे ना? मी माझा फाडून टाकला.”

“सिस्टर, तो बंद आहे. तुमच्यासमोरच लावला ना तिघांनी.”

“आज बंद आहे. उद्या मंगळवार. डायलिसिसला ह्यांच्याजवळ चार तास नुसतं बसायचं असतं. मी लावत राहीन.” तिनं टेबलावरच्या एका गुलाबी पावतीची मागची कोरी बाजू माझ्यापुढे सरकवली. “इथं लिहून द्या. आणि जरा मोठ्या अक्षरात हं, चष्मा वर राहिलाय माझा.”